उभ्या गाडीचे टायर

साताऱ्याच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये काकांची 1988ची प्रीमियर पद्मिनी चार वर्षं उभी होती. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर काकांनी गाडी चालवणं सोडलं, पण ती विकायचा विषय घरात कुणी काढायचा नाही. गेल्या दिवाळीनंतर ती बाहेर काढायचं ठरलं. टाकीतलं जुनं पेट्रोल उपसलं, कार्बोरेटर साफ केला, चारही ड्रम उघडून ब्रेक पाहिले, नवी बॅटरी टाकली. इंजिन तिसऱ्या सेल्फला लागलं. कॉलनीच्या रस्त्यावर वीसच्या वेगाला मात्र सीटखालून धप-धप जाणवायला लागली आणि चाळीसला स्टिअरिंग हातात थरथरू लागलं.

"टायर नाहीत हं ते," काका म्हणाले. "अगं, नवेच आहेत. दोन हजार किलोमीटरसुद्धा फिरले नसतील."

जुन्या गाड्यांबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका वाक्यातून निघतात: गाडी फिरली नाही, म्हणजे टायर झिजला नाही, म्हणजे टायर चांगला. हे गणित आलं ते चालत्या गाड्यांवरून. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी दिवसभर रस्त्यावर असायची. तिचा टायर म्हातारा व्हायच्या आत गोटा व्हायचा, म्हणून नक्षी पाहिली की टायर कळायचा. मिस्त्रींचं शहाणपण त्या गाड्यांवर घडलं आणि तिथे ते बरोबरच होतं. 30 ऑक्टोबर 2023पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. आज ज्या पद्मिनी शिल्लक आहेत त्यांतल्या बऱ्याच कुणाच्या तरी शेडमध्ये, ताडपत्रीखाली उभ्या आहेत. त्यांच्या टायरचं दुखणं वेगळं आहे.

पद्मिनीचं वजन नऊशे किलोच्या आसपास, म्हणजे प्रत्येक टायरवर सव्वादोनशे किलो. हा सगळा भार टायरच्या तळहाताएवढ्या जागेवर येतो. गाडी महिनोन् महिने हलली नाही की ती जागा चपटी होते. त्यातच हवा कमी होत जाते आणि चपटेपणा पसरतो. पद्मिनीला मुळात 5.20-14 मापाचे, आपण ज्यांना सरसकट 'नायलॉन टायर' म्हणतो तसे टायर असत, आणि नायलॉनच्या धाग्याची एक खोड आहे. तो गरम झाला की सैल होतो आणि थंड होताना ज्या आकारात असेल तो आकार धरून बसतो. अमेरिकेत 1950-60च्या दशकांत नायलॉनचे टायर वापरात आले, तेव्हा रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिले काही मैल धडधडत जाते, अशी तक्रार सर्रास असे. म्हणूनच लांबचा प्रवास करून आलेली गाडी गरम टायरसकट थेट महिनाभरासाठी लावून टाकणं सर्वांत वाईट. रेडियल टायरही चपटे होतात, पण नायलॉनइतके लवकर नाही.

आता लोक काय सुचवतात ते पाहू. पहिला सल्ला मिळतो, "अलाइनमेंट करून घे." अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने खातो. नुसत्या अलाइनमेंटने धप-धप होत नाही. हा खर्च करायचाच असेल तर सगळ्यात शेवटी करावा.

दुसरा सल्ला बॅलन्सिंगचा, आणि यात आम्हीही अडकलो. एका दुकानात चारही चाकांना वजनं ठोकून घेतली, पैसे दिले, आणि गाडी आली तशीच धपधपत परतली. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक हवेत फिरतं, त्यावर गाडीचा भार नसतो. वजन कुठे कमी-जास्त आहे ते मशीन सांगतं. टायर गोल आहे की नाही ते तिथे कुणी बघितल्याशिवाय कळत नाही. चपटा टायरसुद्धा मशीनवर शून्य दाखवू शकतो, आणि शिशाच्या तुकड्याने चपटा टायर गोल होत नाही.

दोन्हींतला फरक गाडीत बसूनही ओळखता येतो. बॅलन्स बिघडलेलं चाक हळू वेगात गप्प असतं. त्याचा झटका वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तीसचा वेग साठ झाला की चौपट होतो. चपटा टायर मात्र पंधरा-वीसच्या वेगालाच बोलू लागतो. पद्मिनीचं चाक एका फेरीत जवळपास एकोणीसशे मिलिमीटर पुढे जातं. वीसच्या वेगाला सेकंदाला तीन ठोके पडतात, ते बोटांवर मोजता येतात. साठला ते नऊ होतात आणि त्यांची थरथर बनते. गाडी चालू असताना न्यूट्रल करून पाहा. तरीही ठोके राहिले आणि वेगाबरोबर मंदावत गेले, तर दोष इंजिनात नाही. ठोक्यांपेक्षा चौपट बारीक गुणगुण फरशीतून येत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बघायचे, कारण तो शाफ्ट चाकाच्या चौपटीहून जास्त फिरतो. आणि फक्त ब्रेक दाबल्यावर पेडल पायाला उसळत असेल तर टायर निर्दोष. गंजून नाहीतर लंबगोल होऊन ड्रम बिघडलेला असतो.

खात्री करायला आम्ही एक खडू वापरला. पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, टायरसमोर तीन विटा रचल्या, वरच्या विटेवर खडू असा धरला की टायरला जेमतेम टेकावा, आणि काकूंनी चाक हाताने हळूहळू फिरवलं. अर्ध्याहून जास्त फेरी खडू सरसर पांढरी रेघ ओढत गेला. मग एकाएकी रेघ तुटली. तळहाताएवढ्या पट्ट्यात खडू आणि रबर यांच्यामध्ये फट दिसली, तिच्यात एकावर एक ठेवलेली दोन नाणी सहज गेली. पुन्हा रेघ सुरू. दीडेक मिलिमीटरचा फरक चालून जातो. हा त्याच्या दुप्पट होता. रिमच्या कडेलाही खडू लावून पाहिला, तिथे रेघ अखंड आली. रिम वाकडी नव्हती. काका खुर्चीत बसून हे सगळं पाहत होते. त्या तुटलेल्या रेघेनंतर टायर नवे असल्याचं ते पुन्हा बोलले नाहीत.

"चालव, चालवून निघून जाईल," हे मात्र निम्मं खरं आहे. चार-सहा आठवड्यांचा चपटेपणा हवा नीट भरून वीस-तीस मिनिटं चालवलं, टायर गरम झाला, की बहुतेक वेळा जातो. चार वर्षांचा सहसा जात नाही. पण हा प्रयोग करण्याआधी एक गोष्ट पाहायलाच हवी, आणि माझ्या लेखी हीच सगळ्यात महत्त्वाची. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुष्कळदा ते गाडीच्या आतल्या बाजूला जातात, खाली वाकून टॉर्च मारावा लागतो. आमच्या टायरवर 1413 होतं, म्हणजे 2013चा चौदावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर 2000च्या आधीचा, त्यावर विचारही करू नये.

रबर वापराने झिजतं आणि वयानेही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करत राहतात. ओझोनपासून वाचवणारं मेण रबरात मिसळलेलं असतं, पण ते पृष्ठभागावर यायला टायर वाकावा, हलावा लागतो. उभ्या गाडीत ते घडत नाही. मग भिंतीवर, नक्षीच्या खाचांत केसासारख्या चिरा पडतात आणि आतले थर एकमेकांना सोडू लागतात. असा टायर हायवेवर तापला की फुगा येतो, नक्षीचा पट्टाच सुटून निघतो. म्हणून गरम झाल्यावर थरथर कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, तर तिथेच कडेला थांबावं. पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही खोल असो, टायर बदलणे, असं मोठे उत्पादकही सांगतात. आम्ही पाचही टायर काढले, स्टेपनीसकट, आणि आतल्या ट्यूबही. चिरा पाहून खंबाटकीच्या उतारावर ही गाडी नेण्याचा आमचा बेत होता हे आठवलं आणि मला धस्स झालं.

नवे टायर घेताना पुढे दोन रेडियल आणि मागे जुने नायलॉन अशी तडजोड करू नका. दोन्हींची वळणावरची पकड वेगळी असते आणि मागची बाजू आधी सुटते. चारही एका जातीचे हवेत. इंजिन दर आठवड्याला पाच मिनिटं सुरू करून ठेवण्याचा टायरला काही उपयोग नाही. इंजिनालाही नाही, ते धड तापतही नाही.

गाडी तीन-चार महिने उभी राहणार असेल तर टायर निवल्यावर ती घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवावी. घोड्या मागे अ‍ॅक्सलखाली आणि पुढे खालच्या आर्मखाली लावाव्यात, म्हणजे स्प्रिंग लोंबकळत नाहीत. घोड्या नसतील तर हवा चार-पाच पौंड जास्त भरावी, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत, आणि दर पंधरा दिवसांनी गाडी पाव फेरी पुढे ढकलावी.

आमची पद्मिनी आता एक रविवार सोडून पाचवडपर्यंत जाऊन येते. परत आली की काका काठी टेकत बाहेर येतात आणि एकेका टायरवर तळहात ठेवतात. चारही सारखेच कोमट लागले पाहिजेत. गेल्या खेपेला मागचा उजवा जास्त गरम लागला. ड्रम उघडला तर हँडब्रेकची केबल अडकून ब्रेक अर्धवट लागलेला होता.