फोन खिशात, मीटर चालू, जबाबदार कोण?

दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारी दोनलाच संपला, अशी तक्रार करणारी माणसे आज प्रत्येक वस्तीत भेटतात. बांधकामावर जाणारा मजूर म्हणतो, 'फोन तर दिवसभर खिशातच होता.' रिचार्ज मारणारा दुकानदार म्हणतो, 'तूच व्हिडीओ पाहिले असशील.' कंपनीच्या मदत केंद्रातून उत्तर येते, 'आमच्या नोंदीप्रमाणे वापर झालेला आहे.' म्हणजे ज्याचे पैसे गेले, गुन्हेगारही तोच! नोंद कंपनीची, साक्ष कंपनीची आणि निकालही कंपनीचाच. हा कोणता न्याय? आम्हाला तो मान्य नाही.

आधी हा डेटा जातो कुठे ते पाहू. फोन खिशात असला म्हणून तो स्वस्थ नसतो. अ‍ॅप आपोआप अद्ययावत होतात. काढलेले फोटो परस्पर कंपनीच्या साठ्यात पाठवले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो, सेटिंग बदलले नसेल तर, मोबाईल डेटावरच आपोआप उतरतात. एक व्हिडीओ संपला की न मागता दुसरा सुरू होतो. जाहिरात कंपनीची, कमाई कंपनीची, पण ती दाखवायला लागणारा डेटा मात्र ग्राहकाच्या पैशाचा! अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे प्रा. डग्लस श्मिट यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. क्रोम सुरू ठेवून नुसत्या पडून असलेल्या अँड्रॉईड फोनने २४ तासांत ३४० वेळा गूगलला ठिकाणाची माहिती कळवली. त्या फोनला कोणी हातही लावलेला नव्हता.

कोणी म्हणेल, मोजणीचे लेखापरीक्षण होतेच की! होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मीटरिंग व बिलिंगच्या अचूकतेसाठी २००६ साली विनियम केले आणि २०२३ साली ते नव्याने आणले. परंतु काटा बरोबर असला तरी पिशवीत माल कोणी टाकला, हा प्रश्न उरतोच. डेटा ५०, ९०, १०० टक्के संपल्याचा संदेश ग्राहकाला येतो. तो कोणत्या अ‍ॅपने संपवला, हे त्या संदेशात नसते.

हाच प्रश्न अमेरिकेत न्यायालयापुढे गेला. पडून असलेले अँड्रॉईड फोन आमच्या परवानगीशिवाय आमचा डेटा गूगलच्या कामासाठी वापरतात, असे म्हणत कॅलिफोर्नियातील ग्राहकांनी २०१९ साली दावा लावला. ग्राहकांनी अटी मान्य केल्या होत्या, हा गूगलचा बचाव. १ जुलै २०२५ रोजी सॅन होजे येथील ज्युरीने ग्राहकांच्या बाजूने कौल दिला आणि ३१ कोटी ४६ लाख डॉलर देण्यास सांगितले. गूगलने अपिलात जाण्याचे जाहीर केले. अपिलाचे काही होवो, विकत घेतलेला डेटा ही ग्राहकाची मालमत्ता आहे, या म्हणण्याला तिथे वजन मिळाले.

'अटी मान्य' हे बटण दाबले म्हणजे संमती झाली काय? आपला १८७२ चा करार कायदा कलम १३ मध्ये सांगतो की, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तर ती संमती. इंग्रजीतील पानेच्या पाने न वाचता दाबलेल्या बटणात तो एकच अर्थ कुठे आहे? बलाढ्य पक्षाने दुर्बलावर लादलेल्या अन्यायकारक अटी न्यायालय राबवणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ब्रजनाथ गांगुली प्रकरणात म्हटले आहे. तो वाद नोकरीच्या कराराचा होता. पण तत्त्व मोबाईलवाल्यालाही उपयोगी पडणारे आहे.

ग्राहकाची काहीच जबाबदारी नाही, असे आम्ही म्हणत नाही. रात्रभर रील पाहणाऱ्याने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. पण ज्याच्या हाती नळाची चावी, पाणी वाहून गेल्याचा जाबही त्यालाच विचारला पाहिजे. चावी अ‍ॅप आणि फोनची प्रणाली बनवणाऱ्यांच्या हाती आहे. डेटा संपला की वरचा पॅक विकून दूरसंचार कंपनी कमावते. माहिती गोळा करून अ‍ॅपवाला कमावतो. खिसा मात्र एकाचाच रिकामा होतो, आणि तो हातावर पोट असणाऱ्याचा असतो. म्हणून आमची मागणी अशी : पडद्यामागचा डेटा मुळात बंद असावा, ग्राहकाने सांगितले तरच सुरू व्हावा, आणि कोणत्या अ‍ॅपने किती खाल्ले, हे संदेशात मराठीतून कळवावे.

तोवर काय करायचे? फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपनिहाय वापर दिसतो. तो पाहा, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. तोच तुमचा पुरावा. जे अ‍ॅप परस्पर खाते, त्याचा पडद्यामागचा डेटा बंद करा. कंपनीकडे तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जा. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे.

टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत, असे अजूनही काही जण सांगतात. २००९ च्या एका निकालामुळे तशी स्थिती होती. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अगरवाल या प्रकरणात ग्राहकासाठी दार उघडे असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ग्राहक संरक्षण कायद्याखालील हक्क अबाधित ठेवला आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

वीस-पंचवीस रुपयांच्या पॅकसाठी कोण भांडत बसेल, असे आपण म्हणतो. कंपन्यांचा सारा हिशेब आपल्या याच वाक्यावर उभा आहे.