सहीचा कागद

फोटोंना द्यायच्या कीवर्डांविषयी या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या भागावर ढकलतो. मधेच नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न असा आहे की तो सुटल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

ताईंनी येवल्यात हातमागावर पैठणी विणणाऱ्या एका कारागिराचा फोटो काढला. मीही पाहिला. खिडकीतून येणारा तिरपा उजेड, ताण्यावर नेमका फोकस, सावलीतसुद्धा नॉइज नाही. गेल्या भागातलं सगळं त्यांनी पाळलं आहे. तरी स्टॉक फोटो विकणाऱ्या एजन्सीनं तो परत पाठवला आणि कारण दिलं, मॉडेल रिलीज जोडलेला नाही. ताई विचारतात, ‘त्या काकांनी आनंदानं फोटो काढू दिला, चहासुद्धा पाजला. मग परवानगी आणखी कसली?’

फोटो काढू देणं वेगळं आणि तो जाहिरातीसाठी विकू देणं वेगळं. एजन्सीचा गिऱ्हाईक कोण आणि तो फोटो कुठे वापरणार, हे काकांना माहीत नसतं, तुम्हालाही नसतं. उद्या कर्ज देणाऱ्या एखाद्या कंपनीच्या पत्रकावर किंवा सांधेदुखीच्या मलमाच्या खोक्यावर काकांचा चेहरा झळकला, तर ‘मी याला कधी हो म्हटलं?’ असं विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. जाहिरातीसाठी फोटो घेणारा गिऱ्हाईक एजन्सीला पैसे देतो ते चित्रासाठी आणि हा वाद उद्भवणार नाही या भरवशासाठीही. तो भरवसा म्हणजे मॉडेल रिलीज, हा सहीचा कागद.

कागद साधाच असतो. फोटोतल्या माणसाचं नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो काढल्याची तारीख, फोटोग्राफरचं नाव, दोघांच्या सह्या आणि साक्षीदाराची सही. साक्षीदार तिसराच माणूस हवा. फोटोतली व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल तर आई, वडील किंवा कायदेशीर पालकांची सही लागते. शाळेतल्या शिक्षकांची किंवा शेजारच्या काकूंची चालत नाही. बहुतेक मोठ्या एजन्सींचे तयार नमुने मिळतात, मोबाइलवर सही घेणारी अ‍ॅपही आहेत. पण सही त्याच दिवशी, त्याच जागी घ्या. महिनाभरानं माणूस सापडत नाही, आणि सापडला तर त्याच्या मनात शंका आलेली असते.

हा मजकूर सहसा इंग्रजीत असतो. समोरच्याला तो वाचता येत नसेल, तर प्रत्येक वाक्य मराठीत समजावून सांगितल्याशिवाय सही घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. हा फोटो जगात कुठेही विकला जाईल, अनेकदा विकला जाईल, दर विक्रीला तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, आणि छापून गेलेला परत घेता येणार नाही, हे चारही मुद्दे स्पष्ट सांगा. नमुन्यात मोबदला मिळाल्याचा उल्लेख असतो. तो मोबदला खरोखर द्या. ऐकून काकांनी ‘नको’ म्हटलं, तर फोटोची एक चांगली प्रत त्यांना भेट द्या आणि विषय तिथेच संपवा.

विकलेला चेहरा पुढे कुठवर जातो, याचं एक उदाहरण देतो. हंगेरीतल्या आंद्राश अरातो यांचा चेहरा तुम्ही नक्की पाहिला असेल. पांढरी दाढी, ओठांवर हसू आणि डोळ्यांत वेदना. हे गृहस्थ इलेक्ट्रिकल इंजिनिअर. सुट्टीतले त्यांचे फोटो एका फोटोग्राफरच्या नजरेस पडले आणि त्यानं त्यांना मॉडेल म्हणून बोलावलं. रीतसर स्टॉक फोटो निघाले. पुढे २०११ च्या सुमारास त्या हसण्यावर विनोद सुरू झाले आणि बघता बघता जगभर पसरले. आधी अरातो अस्वस्थ झाले. काही वर्षांनी मात्र त्यांनी ही ओळख स्वीकारली, देशोदेशी भाषणं दिली, जाहिरातींत कामही केलं. त्यांना ते पेललं. येवल्याच्या काकांना पेलेल की नाही, हे तुम्ही आणि मी ठरवायचं नाही. एजन्सींच्या अटींत बदनामीकारक वापराला मनाई असते आणि आजार, व्यसन अशा नाजूक विषयांसाठी वेगळी बंधनं असतात. पण फोटो चोरून वापरणारा त्या अटी वाचत बसत नाही.

‘चेहरा न दाखवता फक्त हात घेतले तर?’ असंही ताईंनी विचारलं आहे. धोटा धरलेल्या नुसत्या हातांना बहुधा रिलीज लागत नाही. पण ओळख फक्त चेहऱ्यातच नसते. मनगटावरचं ठळक गोंदण, उभं राहण्याची ढब, मागे दिसणारं घर यांवरूनही माणूस ओळखू येतो, आणि एजन्सीचा परीक्षक तेही बघतो.

घराचा प्रश्नही उरतोच. खासगी कारखाना किंवा घराचा आतला भाग ओळखू येत असेल, तर मालकाचा प्रॉपर्टी रिलीज मागितला जातो. इमारतींचं प्रकरण आणखी मजेदार आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार वास्तूचा फोटो काढून प्रसिद्ध केल्यानं कॉपीराइटचा भंग होत नाही. पण ट्रेडमार्कचा कायदा वेगळा. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलनं २०१७ मध्ये आपल्या इमारतीच्या रूपाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करून घेतली. पॅरिसचा आयफेल टॉवर दिवसा विकायला मोकळा, पण रात्रीच्या रोषणाईचे हक्क राखीव आहेत, कारण १९८५ पासूनची ती प्रकाशयोजना स्वतंत्र कलाकृती मानली जाते.

रिलीज मिळणारच नसेल, तर एडिटोरियल, म्हणजे फक्त बातमी किंवा माहितीसाठी फोटो देणं, हा मार्ग आहे. वर्तमानपत्रं, मासिकं, पाठ्यपुस्तकं यांना असे फोटो लागतात. जाहिरातीत मात्र ते वापरता येत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक कमी. ओळखू येणारी माणसं असलेले एडिटोरियल फोटो प्रत्येक एजन्सी घेतेच असं नाही. अ‍ॅलामीवर रिलीज आहे की नाही एवढं खरं सांगून फोटो देता येतो. शटरस्टॉकला फोटोओळ ठरलेल्या साच्यातच लागते: आधी गाव आणि देश, मग महिना, दिवस, वर्ष, आणि पुढे घडलं तेवढंच वर्णन. तिथे ‘कष्टाळू’, ‘सुंदर’ असली विशेषणं नकोत. फोटोतली वायर किंवा मागचा फलक पुसणंही चालत नाही. जे होतं ते तसंच दिसलं पाहिजे.

पुढच्या भागात कीवर्ड नक्की. तोवर आपल्या संग्रहातले माणसं असलेले फोटो बाजूला काढा आणि प्रत्येकापुढे ‘रिलीज’, ‘एडिटोरियल’ किंवा ‘घरीच’ यांपैकी एक लिहून ठेवा. कीवर्ड देताना ही वाटणी लागणार आहे.