टॅब आला, पुढे काय?

जिल्हा परिषदेच्या शाळेत कंपनीचा फलक लागतो, फीत कापली जाते, मुलांना टॅब मिळतात. पालक टाळ्या वाजवून घरी जातात. खरं काम त्यांनी तिथून पुढे करायचं असतं.

मुळात यात कुणाचे उपकार नाहीत. 2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 135 मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायला लावतं, आणि शिक्षण त्या कामांच्या यादीत आहे. फक्त वाटपाचा फोटो निघतो, दुरुस्तीचा निघत नाही. चार्जिंगची सोय नाही, अ‍ॅपची मुदत संपली, की टॅब कपाटात.

हे विचारायचं कुणी? शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक हवेत, एकूण निम्म्या महिला. पण बैठकीत ‘आम्हाला कुठलं त्यातलं कळतंय’ म्हणून सही होते. अहो, प्रश्न साधे आहेत. टॅब बिघडला तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा? फुकटचं अ‍ॅप पुढच्या वर्षीही फुकट राहणार का? शिक्षकांना ते शिकवणार कोण?

आणि सर्वांत महत्त्वाचं, मुलांची माहिती जाते कुठे? ह्यूमन राइट्स वॉचने 2022 मध्ये 49 देशांतली शैक्षणिक अ‍ॅप आणि संकेतस्थळं तपासली. त्यांतल्या 89 टक्क्यांची माहिती हाताळण्याची पद्धत मुलांच्या हक्कांना बाधक आढळली. ती सगळी सरकारांनीच शिफारस केलेली होती. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे. त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागेल. शाळांना काही सवलती आहेत आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, पण नाव, मोबाइल नंबर, फोटो कशासाठी हवा, हे विचारायला कुणाची आडकाठी नाही.

घरातली बाजू कायद्याने सुटत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. मला त्यातलं आवडलं ते हे, की मोबाइल मोठ्यांनीही खाली ठेवायचा होता. पण नुसत्या बंदीने मुलाला खोटी लिंक ओळखता येत नाही. त्यासाठी शेजारी बसून ‘हे कुणी पाठवलं असेल?’ असं विचारावं लागतं, आणि ते आधी पालकाला यावं लागतं. तेव्हा कंपनीकडे आणखी दहा टॅब मागण्याऐवजी समितीने त्या कंपनीच्याच एखाद्या अभियंत्याची एक संध्याकाळ मागावी: पालकांसाठी, मराठीत, ओटीपीपासून, आणि फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर तक्रार कशी करायची तिथपर्यंत.