औदार्य कशास म्हणावे?

फंडाचा हिशेब वाचकांपुढे ठेवण्यापूर्वी, ज्या गुणाच्या बळावर हा फंड चालतो त्याविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. पुष्कळ देणे म्हणजे औदार्य, असा सामान्य समज आहे. तो अपुरा आहे.

आमचा धंदा वकिलीचा, म्हणून प्रथम कायद्याकडे वळतो. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यातील १२२ व्या कलमाप्रमाणे बक्षीस स्वेच्छेने व मोबदल्यावाचून दिलेले असावे लागते, आणि घेणाराने ते स्वीकारावे लागते. आमच्या धर्मशास्त्रकारांनीही आपली मालकी सोडून दुसऱ्याची मालकी उत्पन्न करणे, यासच दान म्हटले आहे. या लक्षणांत रकमेचा उल्लेख कोठेही नाही. मोबदला पैशाचाच असतो असेही नाही. घेणाराने हात जोडून उभे राहावे, चारचौघांत आपले नाव घ्यावे, ही अपेक्षाही मोबदलाच होय. ज्याने धान्य दिले, पण त्यावरील हक्क मनातून सोडला नाही, त्याने कर्ज दिले, दान नव्हे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बेदरच्या बादशहाची कोठारे रयतेस खुली केली, असे परंपरा सांगते. धान्य सरकारचे, मग पंतांचे औदार्य कशात? शिक्षेचे भय त्यांनी आपल्या शिरावर घेतले, यात. १८७७ साली जोतीराव फुले व त्यांच्या सहकाऱ्यांनी धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांच्या अन्नाची सोय केली. त्याच दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची स्थिती टिपून सरकारपुढे मांडली. तिचे धुरीण गणेश वासुदेव जोशी आमच्याच धंद्याचे. कोणी भाकरी दिली, कोणी लेखणी व वेळ दिला, दोन्ही औदार्यच.

हे लिहिण्याचे कारण असे. वाटपाच्या रांगेत येण्यास न धजणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. चूल पेटत नाही, परंतु हात पसरवत नाही. अशांच्या बाबतीत शिधा किती दिला यापेक्षा तो कसा दिला, हीच औदार्याची कसोटी ठरते. म्हणून शिधा घरपोच द्यावा व घेणाराचे नाव कोठेही छापू नये, असे कमिटीने ठरविले आहे. दात्यांनीही छायाचित्राचा आग्रह धरू नये.

ज्यांस पैसा देणे शक्य नाही, त्यांनी पायलीभर जोंधळा, गुरांसाठी चार पेंढ्या कडबा, अथवा आठवड्यातील एक दिवस द्यावा. आणि दिल्यावर विसरून जावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.