गिधाडे कशाने मेली?

विषबाधा म्हटले की आपल्याला उंदरांचे औषध किंवा कीटकनाशक आठवते. आपल्या देशातली गिधाडे मात्र गुरांना बरे करण्यासाठी दिलेल्या औषधाने मेली.

माझे आजोबा शेतकरी आहेत. ते सांगतात, पूर्वी मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की गिधाडे उतरत आणि पाहता पाहता नुसती हाडे उरत. मी गावात एकही गिधाड पाहिलेले नाही. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

याचे कारण डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध. त्याचे इंजेक्शन दिलेली गाय एक-दोन दिवसांत दगावली, तर औषध तिच्या मांसात राहते. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. युरिक आम्ल शरीराबाहेर पडत नाही, आतल्या अवयवांवर त्याचा पांढरा थर साचतो आणि काही दिवसांत पक्षी मरतो. एका जनावरावर गिधाडांचा अख्खा थवा तुटून पडतो, म्हणून शंभरात एखादे जनावर असे असले तरी घात होतो. गिधाड वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे ही हानी लवकर भरून निघत नाही.

सरकारने २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित झाली. २०२३ मध्ये गुरांसाठी अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांवरही बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन केंद्र आहे.

आपण काय करू शकतो?

१. गुरांच्या डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅमची मागणी करावी. ते गुरांना लागू पडते आणि गिधाडांना सुरक्षित आहे.
२. माणसांचे इंजेक्शन गुरांना देऊ नये.
३. औषधोपचार चालू असताना मेलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरावे.
४. भटकी कुत्री किंवा बिबट्या मारण्यासाठी मांसात विष कालवू नये. तो गुन्हा आहे, शिवाय ते मांस जो खाईल तो मरतो.
५. एका ठिकाणी अनेक प्राणी-पक्षी मेलेले दिसले तर हात न लावता वन विभागाला कळवावे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी गुरे आहेत. या सुट्टीत गोठ्यातल्या औषधांच्या बाटल्यांवरची नावे जरूर वाचा.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी