अक्षतांचे चौकोन

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मी बरीच वर्षं लग्नांचं शूटिंग करतो. लग्न आटोपून महिना झाला की मुलीचे वडील दुकानात येतात आणि प्रश्न ठरलेला, "कॅसेट झाली का?" व्हीएचएस गेली, सीडी आली, डीव्हीडी आली, ब्ल्यू-रे आली, शब्द मात्र कॅसेटच. त्या तबकडीत चित्र भरताना संगणकाला जे आकडे द्यावे लागतात, त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे.

आधी माझी चूक सांगतो. मुरबाडकडच्या एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आजीने धवले म्हटले. हायडेफिनिशन कॅमेरा नवा होता, त्याचं कौतुकही होतं. घरच्यांना सगळं एकाच डिस्कमध्ये हवं होतं, म्हणून तीन तासांचं चित्रण मी साध्या डीव्हीडीवर बसवलं. आजी बसून गात होती तिथे चित्र बरं दिसलं. पण अक्षता उडाल्या आणि पडदाभर नुसते चौकोन! मूळ टेप तोवर पुसून दुसऱ्या लग्नाला वापरली होती. पुढच्या पावसाळ्यात आजी गेल्या.

असं का होतं? चित्र आहे तसं साठवलं तर कुठल्याच डिस्कमध्ये मावणार नाही. म्हणून संगणक ते दाबतो. एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांत काय बदललं तेवढंच लिहितो. आजी बसलेली असेल, तर बदल ओठांचा आणि हाताचा. अक्षतांचा दाणा न् दाणा वेगळ्या वाटेने जातो, सगळंच नव्याने लिहावं लागतं. माळशेजच्या धबधब्याचंही तसंच. लिहायला जागा नसली की संगणक बारकावे टाकून देतो. तेच ते चौकोन.

हिशेब अगदी शाळेतला आहे. डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट, म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट. तीन तासांचे १०,८०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला साडेतीन मेगाबिट येतात. १९२० बाय १०८० च्या चित्राला, त्यातही हळदीच्या नाचाला, एवढ्यात काय होणार? तेच २५ गिगाबाइटच्या ब्ल्यू-रेवर साधारण साडेअठरा मेगाबिट मिळतात. त्यातून आवाज आणि मेनूसाठी थोडे सोडून मी सतरा ठेवतो. ब्ल्यू-रेवर चित्राची कमाल मर्यादा ४० ची आहे, पण तेवढ्यावर तीन तास मावणार नाहीत. माझ्या गिऱ्हाइकांत ब्ल्यू-रे प्लेअर असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यामुळे बहुतेकांना मी साधी डीव्हीडीच दिली, ७२० बाय ५७६ ची. दोन तासांना पाच मेगाबिट पुरतात. मोठं चित्र कोंबून बसवण्यापेक्षा लहान चित्र स्वच्छ असलेलं बरं, हे माझं मत.

दुसरी गोष्ट, 'टू पास'. पहिल्या फेरीत संगणक चित्रण फक्त पाहतो, दुसऱ्या फेरीत शांत जागेचे बिट काढून नाचाला देतो. वेळ दुप्पट लागतो. भारनियमनाच्या दिवसांत रात्रभर लावलेलं काम पहाटे वीज गेल्यामुळे फुकट जाई, म्हणून अनेक जण एकच फेरी करत. मीही केली आहे.

आणि फील्डचा क्रम. जुन्या डीव्ही टेपमध्ये खालची ओळ आधी, हायडेफिनिशनमध्ये वरची आधी. हे उलटं पडलं तर वरात चालताना थरथरते.

सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्ल्यू-रे डिस्क बनवणं थांबवलं. आता लोक पेन ड्राइव्ह मागतात. मध्यंतरी त्याच घरातला मुलगा ती जुनी डिस्क घेऊन आला. चौकोन जाणार नव्हते, ते मी त्याला सांगितलं. पुन्हा न दाबता फाइल जशीच्या तशी उतरवून दिली. आवाजाचे बिट वेगळे असतात आणि लागतातही थोडे. तेवढे मी तेव्हा कमी केले नव्हते. त्याने डोळे मिटून पूर्ण धवला ऐकला.