चार बोटांवर बिऱ्हाड

बोरी अरब. यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावाचं नाव एकदा मोठ्यानं म्हणून बघा. ‘बोरी’ म्हटलं की काटेरी झाड डोळ्यांपुढे येतं आणि ‘अरब’ म्हटलं की, निदान माझ्या तरी, शेपूट उंच धरलेला घोडा. एक रानातलं, एक समुद्रापलीकडचं. गंमत म्हणजे महाराष्ट्राचा स्वतःचा घोडाही असाच जुळून आला. 17व्या-18व्या शतकांत भीमेच्या काठी, दख्खनच्या काटक तट्टाची समुद्रमार्गे आलेल्या अरबी घोड्याशी सोयरीक झाली आणि भीमथडी जन्माला आला.

या घोड्याचं नाव तुम्ही अनेकदा ऐकलंय, बहुधा उभं राहूनच. राजा बढे यांनी आपल्या महाराष्ट्रगीतात या तट्टांना मानाची जागा दिली. ते गीत 19 फेब्रुवारी 2023 पासून राज्यगीत झालं. पण भीमथडी ही स्वतंत्र जात आहे, अशी नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे कधी झाली? 2024 च्या सुरुवातीला! राज्यगीतात मान आधी, नोंदवहीत जागा नंतर.

मग तोवर ही जात टिकवली कुणी? 1758 मध्ये मराठी घोडदळ अटकेपर्यंत पोचलं, 1818 मध्ये पेशवाई बुडाली, पागा ओस पडल्या. पण बारामती, इंदापूर, फलटणच्या माळरानावर एका समाजाला घोड्याची गरज उरलीच होती. मेंढरं घेऊन हिंडणारे धनगर!

दिवाळीच्या आगेमागे धनगरांचे वाडे हलतात. (वाडा म्हणजे चिरेबंदी नव्हे, एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा आणि कळपांचा जथा.) माळावरचं गवत संपतं, म्हणून ओलाव्याच्या मुलखाकडे, थेट कोकणापर्यंत. पाऊस तोंडावर आला की परत, कारण चिखलात मेंढरांचे खूर सडतात. पुरुष कळपामागे रानातून जातात आणि घर हलवतात बायका, घोडीवर लादून. काय काय असतं त्या पाठीवर? भांडी, घोंगड्या, धान्य, मेंढरं कोंडायची जाळी म्हणजे वाघर, चालता न येणारी कोकरं, कोंबड्या. आणि या सगळ्या डोलाऱ्यावर बांधून बसवलेलं एखादं पोर, बहुतेक वेळा गाढ झोपलेलं!

आता जरा घोडीच्या पायाकडे बघा. घोड्याच्या प्रत्येक पायाला जमिनीवर टेकणारं बोट एकच, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. म्हणजे हा अख्खा संसार चार बोटांच्या टोकांवर घाट उतरत असतो. घोडीची उंची किती? खोगिरापुढच्या खांद्याच्या उंचवट्यापर्यंत जेमतेम सव्वाचार फूट. बुटकी म्हणून हसू नका. रोज लादायचं, रोज उतरवायचं, तर पाठ हाताच्या टप्प्यातच हवी ना!

आणि स्वभाव? पाठीवर पोर झोपलेलं असताना फटाका वाजला म्हणून उधळणारी घोडी कोण ठेवील? जी उधळते ती विकली जाते, जी शांत असते तिचं शिंगरू वाड्यात राहतं. वंशावळीची चोपडी नाही, डॉक्टर नाही. दरवर्षी तीच वाट चालायची, हीच परीक्षा. शेकडो मैलांची प्रयोगशाळाच म्हणा ना.

सगळ्याच भटक्यांचा भार घोड्यावर नव्हता. बोरी अरबच्या बाजूला, दारव्हा-दिग्रसकडे तांडे आहेत ते बंजाऱ्यांचे. त्यांची लदेणी, म्हणजे धान्य-मिठाची वाहतूक, बैलांच्या पाठीवर चालायची. रेल्वेनं ती मोडली. तरी त्यांचे संत सेवालाल महाराज यांच्या कथांत तोळाराम नावाचा घोडा आहेच.

पण खरी अचंब्याची गोष्ट पुढे आहे. धनगरांसारखाच प्रयोग हजारो मैल दूर, इंग्लंड-आयर्लंडच्या रस्त्यांवरही चालू होता. तिथल्या रोमानी आणि इतर भटक्या लोकांनी साधारण 1850 नंतर चाकांवरची रंगीत लाकडी घरं संसाराला घेतली. ती ओढायला घडला जिप्सी कॉब. शायर, क्लाइड्सडेल अशा अजस्र घोड्यांचं रक्त, पण बांधा आटोपशीर. चढावर मध्येच थांबायचं नाही ही त्याची पहिली शिकवण. थांबला तर घर पुन्हा हलायचं कसं? आणि इथेही पोरंबाळं पायांत घुटमळणार, म्हणून स्वभाव गरीब. त्याची पहिली नोंदणी संस्था निघाली 1996 मध्ये, तीही अमेरिकेत. वाटेवरच्या माणसांना वह्या लिहायला वेळ कुठला!

हे रोमानी मूळचे कुठले? साधारण हजार वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडातून निघालेले. पुरावा त्यांच्या जिभेवर आहे. पाण्याला ते ‘पानी’ म्हणतात, नाकाला ‘नाक’, कानाला ‘कान’. आणि केसांना? ‘बाल’!

बाल म्हणावेत असेच केस कॉबच्या पायांना असतात. गुडघ्याखालून सुटून खुरांवर पसरलेले, जणू चारही पायांत घोळदार सलवार. थंड, ओल्या प्रदेशातल्या जड घोड्यांची ही देणगी, आणि देखणेपणासाठी मुद्दाम जपलेली. किंमतही मोजावी लागते: त्या दाट केसांखाली ओल धरते, किडे होतात, कातडी चिघळते.

आता हाच घोडा दिवाळीनंतर बोरी अरबच्या एखाद्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालवून बघा. काळी माती, वाळलेलं कुसळी गवत, गोखरू, बोरीचे काटे. शंभर पावलांत सलवारीची गोणपाटं होतील आणि संध्याकाळ केस विंचरण्यात जाईल. भीमथडीच्या घोडीचे पाय मात्र उघडे, सडसडीत. ती धुरा ओलांडते, पाय झटकते आणि पाठीवरचं पोर न उठवता पुढे जाते.